घाव सोसणारे हात

‘टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही’ या म्हणीवर शाळेत आपण सगळ्यांनीच कधी ना कधी कल्पनाविस्तार लिहिलेला आहे. मीही लिहिला होता. दगड म्हणजे माणूस, घाव म्हणजे संकटे आणि देवपण म्हणजे यश, असे ते ठरलेले गणित. गुरुजींनी मला दहापैकी सात गुण दिले होते. पण माझ्या त्या पंधरा-वीस ओळींत टाकी धरणारा माणूस कुठेच नव्हता. घाव जसा दगडाला बसतो तसाच तो टाकी धरणाऱ्या हातालाही बसतो, हे मला सुचले नव्हते. ते कळायला पन्नाशी ओलांडावी लागली.

अम्मी गेली त्या वर्षीची गोष्ट. तिच्या कबरीवर लावायचा दगड करून घ्यायला मी गावाबाहेरच्या रस्त्यावरच्या एका पाथरवटाकडे गेलो होतो. हा माणूस तुळशीवृंदावने करतो, देवळाच्या पायऱ्या करतो आणि आमच्या कब्रस्तानासाठी दगडही करतो. उर्दू त्याला येत नाही. कागदावरची अक्षरे तो नक्षी समजून दगडावर उतरवतो आणि एक नुक्ता इकडचा तिकडे होऊ देत नाही. पूर्वी त्याचे वडील हे काम हातोडी-छिन्नीने करत. याच्याकडे हवेवर चालणारी छिन्नी आहे. कोपऱ्यात कॉम्प्रेसर धडधडत असतो, त्यातून एक रबरी नळी निघते आणि नळीच्या टोकाला मुठीत मावेल एवढे यंत्र.

मी बाजूला बसून पाहत होतो. तासाभराने त्याने यंत्र खाली ठेवले, डावा हात दोन-तीनदा झटकला आणि मला म्हणाला, “चाचा, जरा माझ्या खिशातला मोबाइल काढून द्या. या बोटांना काय धरलंय ते कळतच नाही बघा.”

मी विचारले, “कधीपासून?”

“मशीन आलं तेव्हापासून. चौदा-पंधरा वर्षं झाली. होतं असं. सकाळी सदऱ्याच्या गुंड्या घरातली लावते.”

तो हसत म्हणाला, पण मला हसू आले नाही. घरी आल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. मी काही इंजिनिअर नाही, डॉक्टरही नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण वाचत गेलो तसे कळत गेले, की या बधिर बोटांची नोंद शंभर वर्षांपूर्वीच झालेली आहे. ती कुणी केली, त्यातून काय शिकायला मिळाले आणि शिकलेले वापरात यायला इतका उशीर का लागला, ते आज तुम्हांला सांगायचे आहे.

आधी हे यंत्र चालते कसे ते पाहू. कॉम्प्रेसर हवा दाबून साठवतो. चाप ओढला की ती हवा यंत्राच्या नळकांड्यात शिरते आणि आतला पोलादी दट्ट्या पुढे फेकते. तो दट्ट्या छिन्नीच्या शेपटावर आदळतो, पुन्हा मागे येतो, पुन्हा आदळतो. दगड घडवण्याच्या लहान यंत्रात असे ठोके मिनिटाला तीन हजारांवर पडतात. हातोडीने दिवसभरात जेवढे घाव घालणार, तेवढे इथे काही मिनिटांत होतात. काम झालेली हवा फुस्स करून बाहेर पडते. दाबलेली हवा मोकळी झाली की गार पडते, हा निसर्गाचा नियम. त्यामुळे ती गार फुंकर सारखी बोटांवर येत राहते. थरथर आणि गारवा ही जोडी लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हा येणार आहे.

दगड फोडायला हवा वापरण्याची पहिली मोठी कामगिरी आल्प्स पर्वतात झाली. फ्रान्स आणि इटली यांना जोडणारा मॉन सेनीचा रेल्वे बोगदा खणायला १८५७ मध्ये सुरुवात झाली. बारा किलोमीटरहून लांब बोगदा, वरून विहिरी पाडायची सोय नाही. हाताने पंचवीस वर्षे लागतील असा अंदाज होता. जेर्मां सोमेये या इंजिनिअरने डोंगरातल्या पाण्याच्या जोरावर हवा दाबली, ती नळांतून आत नेली आणि १८६१ पासून त्या हवेवर छिद्रे पाडणारी यंत्रे चालवली. चौदा वर्षांत, १८७१ मध्ये बोगदा खुला झाला. उद्घाटनाच्या काही आठवडे आधीच सोमेये वारले. या पद्धतीचा आणखी एक फायदा होता. यंत्रातून सुटणारी हवा आत काम करणाऱ्यांना श्वासाला मिळत होती. सुरुवातीला हवा ही मजुराची सोबतीण होती असे म्हणायला हरकत नाही.

नेमक्या याच वर्षांत आपल्याकडे बोरघाटाचे काम चालू होते. १८५६ ते १८६३. पंचवीस बोगदे, एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर, आणि हातात पहार, घण, सुरुंगाची दारू. पटकी आणि तापाने, दरडींनी आणि सुरुंगांनी हजारो माणसे तिथे गेली. हवेची यंत्रे घाटात आली नाहीत. खंडाळ्याच्या गाडीत खिडकीशी बसून धबधबे पाहताना या माणसांची आठवण ठेवली पाहिजे. ‘हाताचे काम सुरक्षित आणि यंत्राचे धोक्याचे’ असा माझा दावा नाही, हेही त्यातून ध्यानात येईल. यंत्राने माणसाचे कष्ट वाचवले. प्रश्न एवढाच, की नव्या यंत्राबरोबर येणारा नवा धोका कोणी उचलायचा.

सोमेयेची यंत्रे गाड्यावर बसवलेली, अवजड होती. मुठीत धरता येईल असे हवेचे यंत्र अमेरिकेत १८८०-९० च्या सुमारास तयार झाले. सेंट लुईसमधल्या जोसेफ बॉयर या कारखानदाराच्या हातोड्याने त्यात नाव मिळवले. गंमत म्हणजे त्याच बॉयरच्या कारखान्यात विल्यम बरोज आपले बेरीज करणारे यंत्र बनवत होता. एका छपराखाली हिशेब करणारे यंत्र आणि घाव घालणारे यंत्र! पुढची सगळी कथा या दोघांच्याच भांडणाची आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगड घडवणाऱ्यांच्या शेडमध्ये हे यंत्र सर्रास दिसू लागले. काम झपाट्याने होऊ लागले. पण थोड्याच वर्षांत कारागीर सांगू लागले, की थंडीच्या सकाळी आमची बोटे मेल्यासारखी पांढरी पडतात. इटलीत जोव्हानी लोरीगा यांनी १९११ मध्ये हवेची यंत्रे वापरणाऱ्या कामगारांच्या हातांविषयी लिहिले होते. अमेरिकेत कारागिरांच्या संघटनेकडून तक्रारी आल्या तेव्हा सरकारच्या कामगार खात्याने एका डॉक्टरीणबाईंना चौकशीला पाठवले. त्यांचे नाव डॉ. ॲलिस हॅमिल्टन.

या बाई विलक्षण होत्या. १८६९ चा जन्म. कारखान्या-कारखान्यांतून हिंडून शिशाच्या विषबाधेचा माग काढलेला. पुढे १९१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने नेमलेल्या त्या पहिल्या स्त्री अध्यापक. १९१८ च्या जानेवारीत त्या इंडियाना राज्यातल्या बेडफर्ड गावी गेल्या. जानेवारी मुद्दाम निवडला, कारण बोटे थंडीत पांढरी पडतात आणि ती डोळ्यांनी पाहायची होती. बेडफर्ड म्हणजे चुनखडीच्या उत्तम दगडाचे गाव. पुढे न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग याच भागातल्या दगडाने मढवली गेली.

बाईंना दिसले ते असे. उजव्या हातात यंत्र आणि डाव्या हाताच्या बोटांत छिन्नी, अशी कारागिराची धरण्याची रीत. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारची बोटे अगदी पांढरीफटक, आणि पांढरे कुठे संपते ती रेघ स्पष्ट दिसणारी. त्या बोटांना स्पर्श कळत नाही. ऊब आणायला माणसे हात गरागरा फिरवताना दिसत. रक्त परत येताना ठणका लागे. बेडफर्डमध्ये तपासलेल्यांपैकी दहातल्या जवळजवळ नऊ जणांना हा त्रास होता. बाईंनी तीन कारणे सांगितली : यंत्राची थरथर, छिन्नी धरण्यासाठी बोटांची सततची घट्ट पकड, आणि थंडी. म्हणजे उपायही तिथेच सांगून झाले होते. थरथर कमी करा, पकड सैल करा, हात उबदार ठेवा, मध्ये मध्ये थांबा.

आता पुढचे ऐका. बरोबर साठ वर्षांनी, १९७८ मध्ये, संशोधकांचे एक पथक त्याच बेडफर्ड गावी पुन्हा गेले. मधल्या काळात माणूस चंद्रावर जाऊन आला होता. त्यांनी दगड घडवणाऱ्यांचे हात तपासले, तेव्हा दहातल्या आठ जणांना तोच त्रास निघाला. छिन्नी तशीच, पकड तशीच, पांढरी बोटेही तशीच. ब्रिटनमध्ये या विकाराला भरपाईस पात्र अशा व्यवसायजन्य आजारांच्या यादीत १९८५ मध्ये जागा मिळाली. माणसाच्या हाताने दिवसभरात किती थरथर सोसावी याची मर्यादा युरोपने २००२ मध्ये ठरवली.

एवढा उशीर का? मला वाटते त्याचे एक कारण असे, की बोटे बधिर होऊन कोणी मरत नाही. ज्या दुखण्याची प्रेतयात्रा निघत नाही त्याची बातमी होत नाही. मग मनात येते, की जिथे माणसे मरत होती तिथे तरी लवकर जाग आली का? त्याचे उत्तर बेडफर्डहून बॅरी या गावी गेले की मिळते.

व्हर्मांट राज्यातले बॅरी हे ग्रॅनाइटचे गाव. इटलीहून आणि स्कॉटलंडहून उत्तम कारागीर तिथे आले. अमेरिकेतल्या कितीतरी थडग्यांचे दगड या गावात कोरले गेले. बेडफर्डच्या चुनखडीत आणि बॅरीच्या ग्रॅनाइटमध्ये एक महत्त्वाचा फरक आहे. ग्रॅनाइटमध्ये गारगोटीचा अंश असतो. तो फुटला की सिलिकाची इतकी बारीक धूळ उडते की ती डोळ्यांना दिसतही नाही. ती फुप्फुसात खोल जाऊन बसते आणि तिथे वण धरतो. हाच सिलिकोसिस. त्याच्या पाठोपाठ पुष्कळदा क्षय येई. हातोडी-छिन्नीच्या काळातही धूळ उडत होती. पण हवेची छिन्नी आली, मोठ्या बंद शेड आल्या आणि धूळ कितीतरी पटीने वाढली. हिवाळ्यात दारे लावून घेतलेली, आत शेकडो छिन्न्या चालू. १९२४ पासून सरकारी आरोग्य खात्याने तिथे दोन वर्षे तपासणी केली आणि १९२९ मध्ये अहवाल छापला. सर्वांत जास्त धुळीत होते ते हाती हवेची छिन्नी धरणारे कारागीर. वर्षानुवर्षे हे काम केलेल्या कितीतरी जणांचा जीव या धुळीने घेतला.

बॅरीला होप सिमेट्री नावाचे कब्रस्तान आहे. तिथे लुई ब्रुसा या मूर्तिकाराचे थडगे आहे. शेडमध्ये धूळ ओढून घेणारी यंत्रे बसवा म्हणून तो भांडत होता. १९३७ मध्ये तो सिलिकोसिसनेच गेला. त्याच्या थडग्यावर ग्रॅनाइटमध्ये एक थकलेला, प्राण सोडणारा माणूस आहे आणि त्याला सावरणारी त्याची बायको. डोनाटो कोलेटी या कारागिराने ते शिल्प घडवले. दुसऱ्यांची थडगी कोरता कोरता स्वतःचे थडगे जवळ आणणाऱ्या माणसांच्या गावात ते उभे आहे.

ब्रुसाचे म्हणणे मात्र खरे ठरले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस शेडमध्ये धूळ शोषणारे नळ बसवले गेले. हत्तीच्या सोंडेसारखा एक नळ छिन्नीच्या शेजारी आणून ठेवायचा, धूळ उडायच्या आत तो ओढून घेतो. पुढे कामगारांच्या छातीचे फोटो काढून पाहिले, तेव्हा १९४० नंतर कामाला लागलेल्या कारागिरांत सिलिकोसिस जवळजवळ नाहीसा झालेला दिसला. तेच गाव, तोच दगड, तीच हवेची छिन्नी. बदलला तो फक्त एक नळ.

खाणीत आणि बोगद्यात तर याहून सोपा उपाय आधीच हाती होता. साधे पाणी. कोलोरॅडोच्या जॉन जॉर्ज लायनर यांनी १८९७ च्या सुमारास पोकळ पहारीचे हवेचे यंत्र काढले. पहिल्या यंत्रात भोकातला चुरा बाहेर काढायला पहारीतून हवा सोडली होती. त्याने एवढी धूळ झाली की खाणकामगारांनी यंत्र हातात धरायला नकार दिला. लायनर यांनी मग त्याच पोकळीतून पाणी सोडले. धूळ जागच्या जागी चिखल होऊन बसली. मजुरांनी नकार दिला म्हणून यंत्र सुधारले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कोरड्या यंत्रांना खाणीतली माणसे ‘विधवा करणारे यंत्र’ म्हणत. शब्द मजुरांचाच, आणि कोणत्याही अहवालापेक्षा नेमका.

पण ज्या मजुराला नकार देता येत नाही त्याचे काय? १९३० मध्ये वेस्ट व्हर्जिनियात हॉक्स नेस्ट येथे एका नदीचे पाणी वळवण्यासाठी सुमारे पाच किलोमीटरचा बोगदा खणायला घेतला. मंदीचे दिवस. पोट भरायला दुरून आलेले हजारो मजूर, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय. खडक जवळजवळ शुद्ध सिलिकाचा. पाण्याने काम करायचे तर वेग कमी होतो, म्हणून कोरडेच खणले. पाहणीला येणारे साहेब मास्क लावून येत, मजुरांना मात्र मास्क नव्हते, अशी साक्ष पुढे चौकशीत झाली. वर्ष-दोन वर्षांतच माणसे मरू लागली. १९३६ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे ४७६ मृत्यूंचा आकडा आला. डॉ. मार्टिन चेर्नियाक यांनी १९८६ मध्ये पुस्तक लिहून तो किमान ७६४ असावा असे दाखवले. लायनरच्या पाण्याला तेव्हा तीस वर्षे होऊन गेली होती.

त्या १९३६ साली म्युरियल रुकायझर नावाची बाविशीतली कवयित्री त्या गावी जाऊन राहिली. मजुरांच्या, त्यांच्या आयांच्या, डॉक्टरांच्या साक्षी तिने कवितेत घेतल्या. १९३८ मध्ये ‘द बुक ऑफ द डेड’ या नावाने ती दीर्घ कविता आली. मीही कविता लिहितो. बधिर बोटांशी कवीचा काय संबंध, असे मला माझ्याच मित्राने विचारले होते. मी त्याला रुकायझरबाईंचे नाव सांगितले.

ही सगळी दूरदेशची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९४० च्या दशकातच सिलिकोसिसची मोठी तपासणी झाली होती. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात सिलिकोसिसची नोंद सरकारला कळवण्याच्या आजारांत होती. मध्य प्रदेशातल्या मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांची पाहणी १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथली करवत हवेवर नव्हे, विजेवर चालणारी, पण धूळ तीच. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना सिलिकोसिस होता. माझ्या पिढीने बाराखडी गिरवली ती पेन्सिलीनेच. राजस्थानने खाणकामगारांच्या या आजारासाठी २०१९ मध्ये स्वतंत्र धोरण केले. आणि रस्ता फोडणारा ब्रेकर तर तुमच्या-आमच्या दारात रोज वाजतो. तोंडाला रुमाल बांधलेला पोरगा त्याच्यावर अंग टाकून उभा असतो, आणि आपण खिडकी लावून घेतो.

मग हे यंत्र सुरक्षितपणे वापरायचे कसे? जे वाचले आणि जाणकारांना विचारले ते सांगतो. सकाळी नळी जोडण्याआधी ती चिरलेली नाही ना, जोड घट्ट आहेत ना, ते पाहावे. दाबाखालची नळी निसटली तर ती सापासारखी फटकारते आणि हाड मोडू शकते, म्हणून जोडाला साखळी किंवा तारेचा दोर असतो. छिन्नी बदलताना नुसता चाप सोडून भागत नाही. मुख्य कॉक बंद करून, चाप दाबून आतली उरलेली हवा काढून टाकायची आणि मगच हात घालायचा. छिन्नी दगडावर टेकल्याशिवाय चाप ओढू नये. ती अडकवणारी पकड ढिली असेल तर छिन्नी गोळीसारखी सुटते. समोर माणूस असेल अशा दिशेला यंत्र कधीच धरू नये.

हवेचा दाब बनवणाऱ्याने सांगितला असेल तेवढाच ठेवावा. जास्त दाबाने काम थोडे वाढते, हादरे मात्र फार वाढतात. यंत्राला तेल आणि छिन्नीला धार हवी, कारण बोथट छिन्नीवर माणूस जोर लावतो आणि तो जोर त्याच्याच हाडांत जातो. पकड ताबा राहील एवढीच, सैल. वजन यंत्राचे यंत्राला करू द्यावे. उघड्या बोटांनी पोलादी छिन्नी धरू नये, तिच्यावर रबरी बाही असावी. हात कोरडे आणि उबदार ठेवावेत, सुटणाऱ्या हवेचे तोंड बोटांपासून वळवावे. सलग न चालवता मध्ये दुसरे काम घ्यावे. तंबाखू आणि विडीने रक्तवाहिन्या आवळतात, तेव्हा ज्याच्या बोटांना मुंग्या येतात त्याने तरी त्या सोडाव्यात.

धुळीला पाणी, नाहीतर शोषणारा नळ. त्याखेरीज बारीक धूळ अडवणारा मास्क. रुमालाने ती धूळ अडत नाही. दाढीवर मास्क घट्ट बसत नाही, हे मी दाढीवाला म्हणूनच सांगतो. डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे. संध्याकाळी त्याच नळीच्या हवेने अंगावरचे कपडे झटकायची सवय फार जणांना असते. ती सर्वांत वाईट. धूळ पुन्हा नाकात जाते, आणि दाबाची हवा डोळ्यात किंवा जखमेतून कातडीखाली शिरली तर जिवावर बेतते. आणि शेवटचे : बोटांना मुंग्या येऊ लागल्या की लगेच डॉक्टरकडे जावे आणि आपण काय काम करतो ते न विचारता सांगावे. आपल्या उष्ण मुलखात बोटे पांढरी पडताना सहसा दिसत नाहीत. बधिरपणा आणि मुंग्या मात्र येतात, आणि दुर्लक्ष केले तर त्या कायमच्या राहतात.

ही यादी पुन्हा एकदा मनात फिरवा. सैल पकड, बंद कॉक, चष्मा, एवढे कारागिराच्या हातात आहे. पण पाण्याची सोय, धुळीचा नळ, कमी थरथरणारे यंत्र, आणि पैसे न कापता मिळणारी विश्रांती? ते यंत्र विकत घेणाऱ्याच्या, काम देणाऱ्याच्या हातात आहे. नगावर मजुरी असेल तर ‘मध्ये मध्ये थांबा’ या सल्ल्याचा अर्थ ‘मध्ये मध्ये उपाशी राहा’ असा होतो. बेडफर्डची साठ वर्षे त्या हिशेबात गेली.

हे सगळे वाचून मी पुन्हा त्या पाथरवटाकडे गेलो. मोठ्या उत्साहाने त्याला पाण्याचे सांगितले. तो म्हणाला, “पाणी टाकलं की आखलेली रेघ पुसते, चाचा. मग तुमचा नुक्ता कुठं द्यायचा?” मी निरुत्तर झालो. कोरीव कामाला पाण्यापेक्षा नळच बरा, हे बॅरीच्या शेडने शिकवलेच होते. त्या नळाचा खर्च त्याच्या एकट्याच्या आवाक्यात नाही. रस्त्यावर अशी सहा-सात दुकाने आहेत. सगळ्यांनी मिळून एक शेड आणि एक पंखा करायचा विचार चालू आहे. अजून झालेला नाही. तोवर त्याने छिन्नीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला आहे आणि सरकारी दवाखान्यात हात दाखवून आला आहे. गेलेली संवेदना परत येईल असे डॉक्टरांनी सांगितले नाही.

बोलता बोलता तो सहज म्हणाला, “तुमचा दगड जरा घाईत झाला. नाहीतर मी रोज थोडं थोडं करतो.” तेव्हा मला आठवले. अम्मीच्या चाळिसाव्याच्या आत दगड बसलाच पाहिजे, असा हट्ट मी धरला होता. भावातही शंभर-दोनशे कमी करून घेतले होते. कुठल्या देशातल्या कुणाला दोष देत मी हे सगळे वाचत होतो, आणि घाई तर माझीच होती.

मागल्या वर्षी मोठ्या भावाच्या कबरीसाठी दगड सांगायला गेलो. त्याने विचारले, “कधीपर्यंत पाहिजे?”

मी म्हणालो, “होईल तेव्हा होऊ दे. घाई नाही.”

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)